अर्धी गोळी

साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या एका घरात चिंगी नावाची डॉबरमन होती. नाव ठेवलं तेव्हा ती दोन महिन्यांची होती, ओंजळीत मावायची. आता ती सहा वर्षांची आणि एकतीस किलोंची. ती फाटकाशी येऊन उभी राहिली की कुरिअरवाला पाकीट कंपाउंडवरूनच आत टाकायचा. ज्या नातवाने हट्ट करून तिला आणलं तो इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला, आणि अशा घरांत होतं तसंच झालं. कुत्र्याचं सगळं आजीवर आणि सूनबाईवर येऊन पडलं. सूनबाई शाळेत शिकवायची, मुलगा बँकेत. म्हणजे दिवसभर चिंगी आणि आजी, दोघीच.

श्रावणात चिंगीची वाकळ ओली सापडायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं, छत गळतंय. मग वास आला. जागेपणी तिचं सगळं शहाण्यासारखं चालायचं. अंगणाच्या कोपऱ्यात पेरूखाली जायचं, बसायचं, मोकळं व्हायचं, यात काहीच बदल नव्हता. गाढ झोपली की मात्र मागच्या पायांखाली डाग पसरायचा. उठल्यावर ती तो हुंगायची, चाटायची आणि हे कुणी केलं अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघायची.

शेजारच्या नानांनी निदान आणि उपचार एकाच दमात सांगितले. "माजलीय ती. त्यातच नाक घासा एकदा. आणि संध्याकाळी सहानंतर पाणी बंद." नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तेव्हा गळती म्हटली की पाणी बंद करायचं हेच त्यांना सुचणार. सूनबाईने नाक घासलं नाही, पण पाण्याचं भांडं दोन रात्री उचलून ठेवलं. चिंगीने मोरीतल्या बादलीत तोंड घातलं. वाकळ ओलीच राहिली.

आजी या चर्चेत पडली नाही. सकाळी सगळे उठायच्या आत ती वाकळ धुऊन दोरीवर टाकायची, आणि तिसऱ्या दिवशी तिने कुणाला न विचारता पाण्याचं भांडं परत जागेवर ठेवलं. "मुक्या जिवाला तहानलेलं ठेवू नये," एवढंच म्हणाली. आजी स्वतः दिवसभरात तांब्याभर पाणीसुद्धा पीत नसे. चार वाजल्यानंतरचा चहा तिने केव्हाच सोडला होता आणि गुरुवारचं भजनी मंडळही सोडलं होतं. गुडघे दुखतात, खाली सतरंजीवर बसवत नाही, असं कारण होतं. आजीचे गुडघे तसे बरे होते, हे एखाद्याला जिना चढताना दिसलं असतं. पण सत्तरी उलटलेल्या बाईने गुडघ्यांचं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नाही.

गौरी जेवल्या, विसर्जन झालं आणि सूनबाई चिंगीला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेली. आजीही बरोबर गेली, कारण गाडीत चिंगी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून बसायची. या डॉक्टरबाई शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेल्या. सुई हातात घेण्याआधी विचारपूस करायची त्यांना सवय होती. कधीपासून होतंय? झोपेत गळतं की चालताना थेंब पडतात? लघवी करताना जोर लावते का? पाणी जास्त प्यायला लागलीय का? ऑपरेशन कितव्या वर्षी केलं? डाग केवढा असतो, बशीएवढा की ताटाएवढा?

सूनबाई न अडखळता एकेकाचं उत्तर देत होती. घरात 'बाथरूमला जाऊन येते' याच्या पुढे न जाणारी बाई इथे लघवीचा रंग, वास, वेळ सगळं सांगत होती. कुत्र्याचं असलं की जीभ मोकळी होते. आजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होती. तिच्या हातात चिंगीचा पट्टा होता.

"औषध लगेच देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी लघवी तपासू. साखर असेल, जंतू असतील, खडा असेल, किडनी थकली असेल. प्रत्येकाचं औषध वेगळं. सकाळची पहिली आणा, स्वच्छ भांड्यात."

हे सांगायला सोपं. कुत्री बसते ती जमिनीपासून वीतभर अंतरावर, आणि मागे कुणी भांडं घेऊन आलं की उठून उभी राहते. दुसऱ्या दिवशी पहाटे बँकेचा सहायक व्यवस्थापक आमटीचा डाव हातात धरून, लुंगी खोचून, पेरूच्या झाडामागे दबा धरून बसला. चिंगी बसली, डाव बघितला आणि निघून गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या पहाटे सूनबाईने पुढून भाकरीचा तुकडा दाखवला, नवऱ्याने मागून डाव सरकवला आणि काम झालं. दोघं एवढी हसली की नाना गच्चीत आले. आजीने तो डाव त्याच दिवशी भंगारात काढला आणि राजवाड्याकडून नवा आणायला लावला. एका घराने एका जिवाच्या लघवीसाठी एवढी धावपळ केली, हे मात्र तिने मनात नोंदवून ठेवलं असावं.

रिपोर्ट स्वच्छ आला. साखर नाही, पू नाही, कल्चरमध्ये काही वाढलं नाही. सोनोग्राफीत खडा नाही, किडन्या ठीक.

"मग हे हार्मोनचं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि टेबलाशी टेकून निवांत समजावायला लागल्या. मूत्राशयाचं तोंड आवळून धरणारा स्नायू असतो. बटव्याची नाडी असते तसा. त्या नाडीला ताण देण्याचं काम मेंदूकडून येणारे संदेश करतात, आणि ते संदेश स्नायूला नीट ऐकू यावेत ही सोय इस्ट्रोजेन करतं. अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन घटतं. लगेच काही होत नाही. दोन, तीन, कधी पाच वर्षांनी नाडी सैल पडते. जागेपणी कुत्री सांभाळून घेते, झोपेत अंग सैल सुटलं की गळतं. तिला कळतच नाही, मग तिला रागावून काय उपयोग? नसबंदी झालेल्या सगळ्याच माद्यांना होतं असं नाही. काही पाहण्यांमध्ये शंभरात पाच आढळल्या, काहींमध्ये वीसपर्यंत. वीस किलोंच्या वरच्या जातींत जास्त, आणि डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर यांची नावं त्या यादीत हमखास.

"म्हणजे ऑपरेशन करून आम्ही चूक केली?" सूनबाईचा चेहरा उतरला.

"नाही हो. न केलेल्या कुत्र्या गर्भाशयात पू भरून माझ्याकडे येतात. रात्री दोन वाजता येतात आणि सगळ्याच वाचत नाहीत. स्तनांच्या गाठी वेगळ्याच. त्यापुढे ही गळती पत्करली. हिला गोळीने आवरता येतं."

मग त्यांनी गोळ्यांची हकीकत सांगितली, आणि ती मोठी मासलेवाईक आहे. पूर्वी कुत्र्यांना यासाठी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल द्यायचे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ साली प्रयोगशाळेत बनवलेलं हे इस्ट्रोजेन. त्याचं पेटंट घेतलं नव्हतं, म्हणून ते स्वस्त झालं आणि भराभर पसरलं. गर्भ टिकावा म्हणून लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्या बायकांच्या पोटी जन्मलेल्या मुलींना ऐन तारुण्यात योनीचा एक अतिशय दुर्मीळ कॅन्सर होतोय. औषध आईने घेतलं आणि त्याची किंमत मुलीने मोजली. कुत्र्यांमध्ये ते जास्त झालं तर हाडांतला मगज रक्त बनवणं थांबवतो. दुसरं औषध फिनाइलप्रोपॅनोलामीन. ते हार्मोन नाही, ते थेट त्या स्नायूलाच आवळतं. कुत्र्यांना चांगलं लागू पडतं, पण रक्तदाब वाढवू शकतं. माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांतही ते असायचं. मेंदूतल्या रक्तस्रावाशी त्याचा संबंध दिसल्यावर २००० साली अमेरिकेने ते माणसांच्या औषधांतून काढायला लावलं.

"मी चिंगीला इस्ट्रिओल देणार. हेही इस्ट्रोजेनच, पण सौम्य. अंगात फार वेळ रेंगाळत नाही. युरोपात आधीपासून वापरात आहे, अमेरिकेत कुत्र्यांसाठी २०११ मध्ये मान्यता मिळाली. तुम्हाला ते माणसांच्या मेडिकलमधूनच आणावं लागेल. एक मिलीग्रॅमच्या गोळ्या. रोज दोन, दोन आठवडे. ह्याचा डोस वजनावर नसतो, पाच किलोच्या कुत्रीलाही सुरुवात एवढ्यानेच. मग उतरत जायचं. दोनावर कोरडी राहिली तर एक. एकावर राहिली तर अर्धी. शेवटी दिवसाआडसुद्धा चालते कधी कधी. ज्या डोसवर कोरडी राहते त्यातला सगळ्यात छोटा डोस आपल्याला शोधायचाय. तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो. तो तिच्या वाकळीवर लिहिलेला असतो. म्हणून रोज नोंद ठेवा."

दाराशी पोचल्यावर त्यांना आठवलं. "आणि गोळी दिल्यावर हात साबणाने धुवायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने गोळीला हात लावायचा नाही. हार्मोन आहे, कातडीतूनही थोडं आत जाऊ शकतं."

सावधगिरीची सूचना ऐकणाऱ्याच्या डोक्यात कशी उतरेल याचा नेम नसतो. आजीने त्यातून एवढंच घेतलं की नुसता हात लावला तरी अंगी लागते, म्हणजे गोळीत दम आहे.

गोळ्या आणायला आजीच गेली. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली, 'चिंगी, डॉबरमन, मादी', आणि हसला. "आजी, ही बायकांची गोळी आहे. पाळी गेल्यावर देतात. कुत्र्यांना पण चालते होय?" आजी म्हणाली, "चालते." आणि पिशवीत टाकून घरी आली.

नोंदींसाठी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय होतंच. दूध, गॅस, कामवालीचे खाडे त्याच चौकोनांत लिहिलेले असायचे. त्यात आता सूनबाईच्या शिक्षिकेच्या अक्षरात 'कोरडी' किंवा 'ओली' असं यायला लागलं. पहिल्या पाच दिवसांत तीन वेळा 'ओली'. नंतर एकदा. दुसऱ्या आठवड्यात सगळे चौकोन 'कोरडी'.

मात्र त्याच आठवड्यात फाटकाबाहेर गल्लीतले चार-पाच कुत्रे येऊन बसले आणि हलेनात. नाना आले. "अहो, ऑपरेशन झालेली कुत्री माजावर कशी येते? तुमच्या डॉक्टरने काय कापलं मग?" चिंगीची योनी सुजलेली दिसत होती. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या अजिबात घाबरल्या नाहीत. हार्मोन दिल्यावर असं होऊ शकतं, डोस उतरवला की ओसरतं. आता दोनाऐवजी एक.

नवरात्रात रोज एक गोळी सुरू झाली. शाळेमुळे सूनबाई साडेसहाला घर सोडायची. सकाळी भाकरीच्या तुकड्यात गोळी घालून द्यायचं काम आजीचं होतं. कुत्रे पांगले, सूज उतरली. आठवड्याभराने कालनिर्णयात पुन्हा 'ओली' दिसायला लागलं. रोज नाही, दोन दिवसांनी, तीन दिवसांनी.

सूनबाईने गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या. जितके दिवस, तितक्या कमी.

मग दिवाळीची सुट्टी लागली. सूनबाई घरी होती, सकाळची गोळी तीच द्यायची. नातूही आला होता, चिंगी त्याच्या पायाशी झोपायची. सुट्टी संपत आली तेव्हा त्या चौकोनांत नुसतं 'कोरडी, कोरडी' होतं. नातवाला वाटलं आपल्या येण्याने ती बरी झाली. तो पुण्याला गेला, शाळा उघडली आणि पुढच्या आठवड्यात वाकळ ओली. आता घरात सिद्धांतांना ऊत आला. मुलगा म्हणाला, विरहाने होतंय. नाना म्हणाले, थंडीने. सूनबाईने ठरवलं, पुन्हा दोन गोळ्या सुरू करायला सांगूया.

डॉक्टरबाईंनी डोस वाढवला नाही. आधी पुन्हा लघवी तपासली. याही वेळी काही निघालं नाही. (या वेळचा डावही नवा होता.) मग त्यांनी कालनिर्णयाची दोन पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"सकाळची गोळी कोण देतं?"

"आई देतात. सुट्टीत मी देत होते."

डॉक्टरबाई मान हलवून म्हणाल्या, "तुम्ही जरा चिंगीला बाहेरच्या काट्यावर घेऊन जा. वजन करून आणा." सूनबाई बाहेर गेली. डॉक्टरबाईंनी दार लोटलं आणि आजीसमोर खुर्ची ओढली.

"आजी, दुसरी अर्धी कुठे जाते?"

आजीने पट्ट्यासाठी हात चाचपला. पट्टा सूनबाईबरोबर बाहेर गेला होता.

"मी रागावणार नाही. मला नुसतं कळायला हवं. गोळ्या मोजून बरोबर भरतात आणि कुत्री ओली राहते. म्हणजे गोळी डब्यातून बाहेर येते, पण तिच्या पोटात सगळी जात नाही."

"मीच घेते," आजी म्हणाली. "अर्धी तिला, अर्धी मला. वाटून घेतो आम्ही." आणि मग, धरण फुटावं तसं नव्हे, एकेक वाक्य जोखून, ती सांगत गेली. शिंकलं की, खोकलं की, खाली बसून उठलं की गळतं. धाकट्याच्या बाळंतपणापासून थोडं थोडं होतंच, पाळी गेल्यावर वाढलं. जुन्या साड्यांचे तुकडे करून घड्या वापरते. धुऊन परकराखाली वाळत घालते, कुणाला दिसू नये म्हणून. लघवी लागू नये म्हणून पाणी पीत नाही, आणि हल्ली जळजळतं. भजनाला एकदा सतरंजीवर डाग पडला होता, तेव्हापासून गेलेली नाही. चिंगीचे प्रश्न डॉक्टरबाईंनी विचारले तेव्हा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या ओठावर आलं होतं. कुणी तिला विचारलं नाही, एवढंच.

"गोळीने फरक पडला?"

"काही नाही. छाती दुखते. आणि परवा..." आजी थांबली. "परवा कापडावर रक्ताचा डाग होता. एवढ्या वर्षांनी. मी घाबरले. मग गोळी बंद केली, पण तिला पूर्ण दिली आणि ती एकदम कोरडी झाली तर घरच्यांना कळेल, म्हणून अर्धी मोरीत टाकत होते."

डॉक्टरबाईंनी हे ऐकून घेतलं. "आजी, मी जनावरांची डॉक्टर आहे. तुम्हाला तपासायचा मला अधिकार नाही, आणि तुम्हाला गोळी द्यायचाही नाही. पण पाळी गेल्यावर डाग दिसला तर तो एका थेंबाचा असला तरी बाईने लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, एवढं कुणीही डॉक्टर सांगेल. उद्याच जा. आणि सूनबाईंना तुम्ही स्वतः सांगा. मी सांगणार नाही."

दार उघडलं. "एकतीस किलो दोनशे," सूनबाई म्हणाली.

"छान. हिला एक गोळी पुरी पडते आणि अर्धी पडत नाही. उतरत्या डोसचा हा प्रयोग मी पुढच्या महिन्यात करणार होते, तो झालाय. रोज एक, पुरी, तुमच्या हाताने."

परतताना पोवई नाक्याला सिग्नल लागला, तेव्हा आजी समोर बघत म्हणाली, "चिंगीची अर्धी गोळी मी खात होते."

सूनबाईला आधी काही समजलंच नाही. समजल्यावर ती ओरडली. "आई! कुत्र्याची गोळी?"

"कुत्र्याची कुठली? बायकांचीच आहे. मेडिकलवाला म्हणाला."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. घरी पोचेपर्यंत आजीने उरलेलं सांगितलं, आणि सूनबाईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

आता इथे सूनबाईची बाजूही सांगायला हवी. तिला काही ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. परकराखालचे साडीचे तुकडे तिने कित्येक वर्षं पाहिले होते. आजीच्या खोलीत जरा जास्त फिनेल टाकायला तिनेच कामवालीला सांगितलं होतं. लग्नाकार्याला आजी येत नाही म्हणाली की ती आग्रह धरत नसे. हे सगळं तिने वाईटपणाने केलं नव्हतं. सासूबाईंना ओशाळं वाटू नये म्हणून केलं होतं. आपल्या घरांत ज्याला सभ्यता म्हणतात त्यातली बरीचशी अशी असते. समोरच्याला लाज वाटू नये म्हणून त्याला लाजेबरोबर एकटंच सोडून द्यायचं. चिंगीशी असं सभ्य वागायची कुणाला गरज वाटली नाही, म्हणून चिंगीचं निदान पंधरा दिवसांत झालं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सूनबाई वही घेऊन आजीच्या पलंगावर बसली. "कधीपासून होतंय? झोपेत होतं की नुसतं खोकल्यावर?" पहिले दोन प्रश्न विचारताना तिचे कान लाल झाले. तिसऱ्याला दोघी जरा हसल्या. आजी म्हणाली, "डाग बशीएवढा की ताटाएवढा, तेही विचार."

मुलाला सांगायचं की नाही यावर थोडं झालं. आजीने सांगायला लावलं. त्याने ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "उद्या रजा टाकतो." चिंगीखाली घालायला त्याने ऑनलाइन वॉटरप्रूफ चादर मागवली होती, ती सोफ्यावर पडलेली होती. ती त्याने उचलून आत ठेवली.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी डागाचा छडा लावला. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं, काळजीचं काही नव्हतं. गोळी बंद केल्यावर डाग पुन्हा दिसला नाही. लघवीत मात्र जंतू निघाले. पाणी तोडून तोडून जळजळ आजीने स्वतःच ओढवून घेतली होती, त्यावर औषध झालं. मग त्यांनी गोळीची चौकशी केली आणि सगळी हकीकत ऐकून डोक्याला हात लावला.

"कुत्रीला लागू पडली म्हणून तुम्हाला पडेल असं नाही, आजी. अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांवर एक मोठी पाहणी झाली होती. तेवीस हजारांहून जास्त बायकांच्या लघवीच्या तक्रारींचा हिशोब २००५ मध्ये छापून आला. त्यांची गोळी वेगळी होती, गाभण घोडीच्या लघवीतून काढलेल्या हार्मोनची." इथे आजीने पदर तोंडाला लावला. "त्यात काय दिसलं? पोटातून हार्मोन घेणाऱ्यांची गळती कमी झाली नाही. उलट ज्यांना नव्हती त्यांच्यातही काहींना सुरू झाली, आणि ज्यांना होती त्यांची वाढली. कुत्री चार पायांवर चालते, तिची अडचण त्या नाडीपुरती. तुमची तीन बाळंतपणं झालीयत, खालचा सगळा आधारच सैल झालाय. त्याला व्यायाम लागतो."

व्यायाम साधा होता. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, काही क्षण धरायचे, सोडायचे. दिवसातून तीनदा, महिनोन् महिने. अमेरिकेतल्या आर्नल्ड केगेल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये हा व्यायाम लिहून काढला, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जोडीला आत लावायचं थोडं क्रीम. त्याच हार्मोनचं, पण जिथल्या तिथे काम करणारं. पाणी भरपूर. आणि घड्यांऐवजी दुकानात मिळणारे पॅड.

कालनिर्णयात आता दोन शाई आल्या. निळी चिंगीची, लाल आजीची. निळ्यात कोरडी, कोरडी, कोरडी. लाल पान इतकं सरळ नव्हतं. महिना-दीड महिना काहीच फरक नव्हता, आणि एकदा तर आजीने वही फेकून दिली की हे थोतांड आहे. तिसऱ्या महिन्यात शिंक येऊन गेली आणि काही झालं नाही, तेव्हा तिने स्वयंपाकघरातून हाक मारून तसं सांगितलं. नाना तेव्हा दारात कशासाठी तरी आलेले होते. त्यांनीही ऐकलं. ते काहीच बोलले नाहीत. चार दिवसांनी मात्र फाटकाशी सूनबाईला गाठून हळूच विचारलं, पुरुषांना प्रोस्टेटसाठी कुठले डॉक्टर चांगले.

माघातल्या एका गुरुवारी आजी भजनी मंडळात गेली. बायकांनी टाळ बाजूला ठेवून तिला घेरलं. "आलात का? गुडघे बरे झाले वाटतं?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय," आजी म्हणाली आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. "मला लघवी गळायची. शिंकलं की गळायची, म्हणून येत नव्हते."

पेटी वाजवणाऱ्या काकूंचा भाता अर्ध्यात थांबला. कुणी खोकलं. मग मंडळाच्या अध्यक्षबाई, ज्या तीन वर्षं कारणं सांगून पंढरपूरची सहल टाळत होत्या, जरा पुढे सरकल्या.

"डॉक्टर बाई आहे का बुवा?"

"बाई आहे," आजी म्हणाली. "पण आधी सांगा, झोपेत होतं की खोकल्यावर?"